चौथ्या जागेवरची बाई

ती जीपमधून उतरली, सगळ्यांशी हात मिळवत सुटली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिची गाडी वाटेत बंद पडली असती तर बरं झालं असतं.

हे मी कुणाला बोलले नाही. वहीत लिहिते आहे. वही पिठाच्या डब्यामागं असते, तिथं घरातलं दुसरं कुणी हात घालत नाही.

हर्सूलच्या पुढं बरंच आत गेलं की माळावर एक जुनी धावपट्टी आहे. हिवाळ्यात तिथं विमानातून उड्या मारणाऱ्यांचा कॅम्प लागतो. मी तिथं पॅराशूटच्या घड्या घालते. त्याआधी चौदा वर्षं मी औरंगपुऱ्यात साड्या रोल-पॉलिश करायच्या दुकानात होते. कॅम्पचे सर बायकोची पैठणी न्यायला आले होते, ते माझे हात बघत उभे राहिले.

"एवढं निसरडं कापड तुमच्या हाताखाली गप कसं बसतं हो?"

मी पुढची साडी ओढली. मालकच म्हणाले, "बाई माणसांशी बोलत नाहीत साहेब, साड्यांशी बोलतात." पुढच्या हिवाळ्यात सरांनी मला बोलावून घेतलं. महिनाभर स्वतः शेजारी बसून शिकवलं. दोऱ्या कशा सरळ करायच्या, कापडातली हवा गुडघ्यानं कशी काढायची, बॅगेत कसं बसवायचं. आजही प्रत्येक घडी ते तपासतात, मगच बॅग बंद होते. आता चार हिवाळे झाले.

विमानात बसायच्या आधी ही माणसं जमिनीवर तालीम करतात. वरती वाऱ्यात बोलता येत नाही, म्हणून सगळं आधी पाठ करायचं. चौघं असले तर चौघं उभे राहतात, एकमेकांचे हात, दंड, पाय धरून एक आकार करतात. सर मधे असतात. सरांनी मान हलवली की सोडायचं आणि दुसऱ्या आकारात जायचं. पुन्हा मान हलली की तिसरा, मग चौथा. तो झाला की सगळ्यांनी पाठ फिरवून चार दिशांना लांब जायचं आणि आपापलं पॅराशूट उघडायचं. उभ्यानं जमलं की चाकाच्या फळ्यांवर पालथं पडून तेच करायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं. मलाही आलं होतं.

यंदा चौघांतलं चौथं माणूस दहा दिवस आलंच नाही. तिघांनी तालीम करायची म्हणजे एक बाजू रिकामी. सरांनी मला हाक मारली, "ताई, जरा इथं उभ्या राहता का? नुसतं उभं राहायचं."

मी पदर खोचून उभी राहिले. पहिल्या दिवशी मी हात पदरातच ठेवले. परपुरुषाचा दंड धरायचा म्हणजे काय. पण शहरात मोटारीच्या पार्टचं दुकान असलेले एक भाई आमच्यात होते, ते म्हणाले, "अजी आपा, पकडो ना जोर से. हम क्या काच के हैं क्या?" तिसरे बँकेतले साहेब कधी बोलायचे नाहीत, तेही हसले. मी धरलं. चौथ्या दिवशी मला सगळे आकार पाठ झाले. सहाव्या दिवशी बँकेतले साहेब चुकले आणि मी त्यांचा पाय धरून त्यांना बरोबर जागेवर ओढलं. सर म्हणाले, "ताई, तुम्हीच चला वर."

ते गमतीनं म्हणाले, मला कळतं. पण त्या रात्रीपासून भाकरी थापताना, भांडी घासताना माझी मान आपोआप हलायची आणि मनात मी पुढच्या आकारात जायचे. चौथी जागा माझी होती. जमिनीवरची का असेना.

अकराव्या दिवशी ती आली.

ती परदेशी असती, नाहीतर मुंबईची मोठ्या घरची असती, तर मला काही वाटलं नसतं. ती सोयगावची निघाली. माझं माहेर सोयगावपासून पायी दीड तासावर. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती, पाचवीला सोयगावला जावं लागायचं. पोरीच्या जातीनं रोज एवढं चालत जायचं नाही, म्हणून माझी शाळा तिथं थांबली. तिला तिचे वडील दहावीपर्यंत रोज मोटारसायकलवर सोडायचे. हे तिनं पहिल्याच दिवशी चहा पिताना हसत सांगितलं. आता पुण्यात नोकरी करते.

"ताई, तुम्ही आमच्याच साईडच्या की वो!" ती मला म्हणाली. "मला लई बरं वाटलं बगा. इथं सगळे इंग्रजी झाडतेत."

मी नुसती मान डोलावली. तिच्या पायात केशरी बूट होते. केस पोरासारखे कापलेले. तिच्या आईचा फोन आला तेव्हा ती सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली, "व्हय आई, जेवले. नाय, थंडी नाय." मला त्या फोनचाही राग आला.

सर म्हणाले, "चला, आता ताई मोकळ्या झाल्या." आणि मी माझ्या सतरंजीवर जाऊन बसले.

घड्या घालायच्या सोडून मी तिचीच तालीम बघत होते. तिचं कुठं चुकतंय तेच शोधत होते, खोटं कशाला लिहू. आणि ते मला सापडलं. सरांची मान हलली की तिचा डावा खांदा बाहेर वळायचा. जणू आता पाठ फिरवून निघायचंच आहे. मग बाकीचे थांबलेत हे तिला दिसायचं आणि ती झटकन आत यायची. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळं व्हायचं. सर मधे असायचे, बाकी दोघं सरांकडं बघायचे. त्या जागेवर दहा दिवस उभं राहिलेल्या माणसालाच ते दिसावं असं होतं.

दुपारी जेवताना तीच बोलली, की पुण्यात ती फक्त एका शिकवणाऱ्या बाईंबरोबर, दोघीदोघीच उडी मारायची. चौघांत पहिल्यांदाच आली होती. "मॅडमनी मान हलवली की संपलं, सुटायचं," ती म्हणाली. कुणी तिकडं लक्ष दिलं नाही. भाई लोणचं मागत होते.

माझा घास हातातच राहिला. तिच्या जुन्या ग्रुपात जी खूण सुटायची होती, ती आमच्यात पुढं जायची होती. तेवढंच बोलायचं होतं. एक वाक्य. मी डबा झाकला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी तिचं पॅराशूट मीच घडी केलं. केलं, सरांना हाक मारणार होते, आणि थांबले. पुन्हा सगळं उलगडलं. हात बरोबर होते, मला ठाऊक होतं, पण माझा माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. दुसऱ्यांदा घातलेली घडी सरांनी दोऱ्या ओढून बघितली. "नेहमीसारखी," म्हणाले.

विमान वर गेलं. आम्ही खालून बघतो तेव्हा आधी काही दिसत नाही, मग राईएवढे ठिपके. चार ठिपके जवळ आले, सुटले, पुन्हा जवळ आले. मग एक ठिपका एकटाच निघाला आणि लांब लांब गेला. उरलेले तिघं तिथंच हेलकावत राहिले. तिचं पॅराशूट सगळ्यांच्या आधी, फार वर उघडलं. वाऱ्यानं तिला धावपट्टीपलीकडं नेलं आणि ती कुणाच्या तरी पऱ्हाटीत उतरली.

माझ्या छातीत बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं.

अर्ध्या तासानं ती चालत आली. कवळाभर कापड, त्यात पऱ्हाटीच्या काड्या, केशरी बूट मातीनं भरलेले.

"आओ आओ!" भाई ओरडले. "कपास बेच के आए क्या? क्या भाव मिला?"

सगळे हसले. तीही हसली. पण तंबूत सरांनी हेल्मेटच्या कॅमेऱ्यातलं टीव्हीवर लावलं तेव्हा ती हसत नव्हती. दोन आकार झालेले दिसले. दुसऱ्यानंतर सरांची मान हलली, जरा जोरातच हलली, आणि तिनं हात सोडून पाठ फिरवली ती फिरवलीच.

"घाबरलीस का?" सरांनी विचारलं.

"नाय सर. मोजणीत चुकले. मला वाटलं चारी झाले."

"उद्या परत असं झालं तर तुला एकटीनंच उड्या माराव्या लागतील. एक जण असा मधेच निघाला की बाकीच्यांनाही धोका असतो. राग मानू नकोस."

"नाय सर."

बँकेतले साहेब हळूच भाईंना म्हणाले, "घाबरली हो. नवीन आहे." ते तिनं ऐकलं. तिचे कान लाल झाले. ती घाबरली नव्हती हे त्या तंबूत फक्त मला माहीत होतं. आणि उद्या ती परत चुकली की चौथी जागा पुन्हा रिकामी होणार, हेही मला माहीत होतं.

आमच्या कॅम्पात एक रीत आहे. ज्याची चूक झाली त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी इमरती आणायची. एकदा भाई चुकून गायरानात म्हशींमध्ये उतरले होते, तेव्हा दोन किलो आणली होती. सोयगावची ती दुसऱ्या सकाळी गुलमंडीवरून इमरतीचा डबा घेऊन आली. सगळ्यात आधी माझ्या सतरंजीवर आली.

"ताई, घ्या. काल तुमचं कापड लई खराब केलं मी."

मी अर्धी घेतली. गोड लागली नाही.

सकाळच्या तालमीत ती बोटं मोजत होती. पहिला आकार, अंगठा. दुसरा, पहिलं बोट. मोजणी अगदी बरोबर होती. आणि मान हलली की खांदा बाहेर. पुन्हा मान, पुन्हा खांदा. ती सगळं लक्ष बोटांत घालत होती आणि चूक भलतीकडंच होती. मी चारही वेळा बघितलं. चौथ्या वेळी माझाच खांदा दुखायला लागला.

विमानाकडं निघताना मी तिची बॅग घेऊन गेले. एरवी बॅग सतरंजीवर ठेवते, ज्याची तो उचलतो. मी तिच्या पाठीवर बॅग चढवली, आणि समोर उभं राहिले असते तर बोलता आलं नसतं, म्हणून मागूनच बोलले.

"तुमची मोजणी चुकत नाय."

"आं?"

"सरांची मान हलली की तुमचा खांदा वळतो. डावा. तुमच्या मॅडमची सवय हाय ती. इथं मान हलली की निघायचं नसतं, पुढचं धरायचं असतं."

ती पूर्ण वळली. माझ्याकडं बघतच राहिली.

"व्हय की वो," ती हळू म्हणाली. तिनं स्वतःच मान हलवून बघितली आणि खांदा कुठं जातो ते हात लावून बघितलं. मग विचारलं, "आत्ता दिसलं व्हय तुम्हाला?"

मी व्हय म्हणू शकले असते.

"परवा दिसलं," मी म्हणाले. "तुम्ही आल्या त्याच दिशी."

"मग काल?"

"काल बोलले नाय."

विमानाचा पंखा सुरू झाला होता, धूळ उडत होती. तिकडून भाई हात करत होते, "चलो चलो, सोयगाव की सवारी!" तिनं हेल्मेट घातलं आणि गेली.

मी धावपट्टीच्या कडेला उभी राहिले. चार ठिपके. जवळ आले. सुटले, धरलं. सुटले, धरलं. माझी मान खाली हलत होती, हात पदरात घट्ट. तिसरा आकार. चौथा. मग चौघंही एकदम फुटले, चार दिशांना, आणि चार पॅराशूट एकामागून एक उघडले. चौथं तिचं, निळं होतं. ते सरळ धावपट्टीवर उतरलं.

सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. भाईंनी शिट्टी वाजवली. ती माझ्याकडं आली नाही. घोळक्यातून एकदा तिनं सतरंजीकडं पाहिलं, तेवढंच. मी पुढची घडी घेतली. तिचा हेवा अजून वाटत होता मला. पोटात तसंच जळत होतं, तिची जागा बघून, तिचे बूट बघून. चांगलं काही केल्यानं ते कमी होतं असं मी ऐकलं होतं, माझं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरून लवकर निघाले. गुलमंडीला उतरले, इमरतीचा डबा घेतला, मग पुढची रिक्षा धरली. कॅम्पात चहाच्या टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं.

मग भाई म्हणाले, "अरे आपा? तुम तो जमीन पर रहते. तुम्हारी क्या गलती?"

मला इतक्या माणसांत बोलायची सवय नाही. सर बघत होते, बँकेतले साहेब बघत होते.

"झाली एक," मी म्हणाले. "परवाच्या दिशी."

"कौन सी?"

मी काही बोलायच्या आत ती पुढं आली. डब्यातली इमरती उचलली आणि उभ्यानंच खाल्ली, सगळी. बोटं चाटली.

"भाई, रीत म्हंजे रीत," ती म्हणाली. "कोणती ते विचारत नसतेत. खावा."

मग तिनं मला विचारलं, "ताई, आज तालमीत माझ्यामागं उभ्या राहता का? खांदा वळला की चापट मारा."

मी तिच्यामागं उभी राहिले. चौथ्या जागेवर नाही, तिच्या एक पाऊल मागं. सरांची मान हलली. तिचा खांदा हलला नाही. तरी मी एक चापट मारली, जरा जोरातच.

"अवं!" ती म्हणाली. "आत्ता नव्हता वळला!"

"व्हय," मी म्हणाले. "मला ठाऊक हाय."