खारींवर घेतलेला आळ

इरा आणि नील, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आजोबांनाही नाही. आणि मी आजोबांपासून काही लपवते, हे तुमच्या आईलासुद्धा खरं वाटणार नाही.

मग आत्ताच का? कारण गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नीलने एक चित्र दाखवलं. तुरुंगातली खार. गजांमागे बसलेली, दात पुढे, गळ्यात पाटी. आजोबा इतके हसले की चष्मा चहात पडला. खालच्या मजल्यावरच्या सुमतीआजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्याही हसल्या, पण जरा उशिरा. तो उशीर कशाचा, ते तिथे फक्त मला कळलं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला सगळं ऑफिसच्या पत्रासारखं सुचतं, आणि चूक कोणाची ते अलगद गाळता येतं. तेव्हा मराठीच. अडेल तिथे आईला विचारा.

तुम्ही कॅनडाला गेलात त्या जानेवारीतली ही गोष्ट. नोएडातल्या आपल्या घरात फायबरची केबल यायची होती. संध्याकाळी तुमचा तिथून पहिला कॉल — टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर! त्याच दुपारी माझं हळदीकुंकू. कंपनीचा माणूस केबलचं वेटोळं घेऊन आला. तिच्या दोन्ही टोकांना कारखान्यातच प्लग बसवलेले होते. खालचं टोक त्याने सुमतीआजींच्या खिडकीजवळच्या पेटीत जोडलं. वरचं टोक भिंतीतल्या पाइपातून आपल्या घरात ओढायचं होतं. पण आजोबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. ते कसले दुसऱ्याला ओढू देतात? "पाइपाचं मी बघतो, तुम्ही संध्याकाळी फक्त चालू करायला या," म्हणाले, आणि त्याला वाटेला लावलं.

मग त्यांनी त्या प्लगला तान्ह्या बाळासारखं गुंडाळलं. प्लगवर टोपी, टोपीवर माझं चांगलं धुण्यापुसण्याचं फडकं, त्यावर टेप, आणि सगळ्यावर जाळीचं लांब कव्हर. ते कव्हर मागे केबलच्या अंगाला घट्ट धरतं. "ओढायचं ते अंगाला धरून, तोंडाला धरून नाही," त्यांनी मला समजावलं. "आत केसाहून बारीक काच आहे. प्लगवर जोर आला की संपलं. पार वर येईपर्यंत कव्हर काढायचं नाही. आणि तू मुळीच हात लावू नकोस हं!"

पाइपातून सोडलेल्या दोरीने वर ओढताना ते गाठोडं वळणात अडकलं. अडकणारच होतं, माझं अख्खं फडकं आत होतं! आजोबांनी ते मागे काढलं, "झोपून उठलो की बारीक बांधतो," म्हणाले आणि घोरायला लागले.

आणि केबल राहिली गवतावर पसरलेली. चार वाजता बायका येणार. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे — कोणी चप्पल वाकडी काढली तरी माझं लक्ष बोलण्यात राहत नाही. मी विचार केला, सुईत दोरा ओवताना आपण काय करतो? टोक जाड असेल तर ते बारीक करतो. किती सोपं! मी टेप काढली, फडकं काढलं, जाळी काढली. पाइपातून आलेली दोरी थेट प्लगला बांधली, छान पक्की गाठ मारली. वर जाऊन ओढायला लागले.

आधी जड लागलं. मग अचानक हलकं. मला वाटलं, वळण पार झालं! दोरी सरसर वर आली आणि तिच्या टोकाला छोटासा हिरवा प्लग आला. त्याच्यामागे काहीच नव्हतं.

इथे थांबले असते, तर ती नुसती चूक होती. आजोबा रागावले असते, आठवडाभर दूरसंचारावर व्याख्यान झालं असतं, बस्स. पण मी काय केलं? — आता लिहितेच. मी नखं कापायची कात्री घेतली, खाली गेले, तुटलेली केबल पाइपातून बाहेर ओढली, आणि गवतावर बसून तिचं टोक आणि ते जाळीचं कव्हर कडेकडेने कुरतडलं. बारीक बारीक, दातांच्या खुणा दिसतील असं. एम.ए. इंग्लिश झालेली बाई, नवी साडी नेसून, खारीचं काम करत होती. आणि नीटनेटकं करत होती!

खारीच का? कारण त्या तिथेच होत्या. सुमतीआजी रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलच्या वाडग्यात शेंगदाणे ठेवत. त्यांचे यजमान, साळवेकाका, गेल्यापासून त्या खारींना "माझी पोरं" म्हणत.

आजोबांनी टोक पाहिलं आणि ओरडले, "अगं, खार! शंभर टक्के खार!" मी म्हटलं, "असेल बाई." दोन शब्द. एवढंच खोटं मी बोलले. बाकी सगळं कात्री बोलली.

मग तुमचा पहिला कॉल कुठून झाला, आठवतं? सुमतीआजींच्या हॉलमधून. त्या धावत वर आल्या होत्या. "वहिनी, माझ्या पोरांनी घोटाळा केला हो तुमचा! चला, माझं नेट आहे ना." त्यांनी आम्हाला पुढे बसवलं, नाताळातल्या उरलेल्या करंज्या दिल्या, आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या, तुमच्या-आमच्या मध्ये येऊ नये म्हणून.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. आजोबांनी ते कुरतडलेलं कव्हर पुराव्यादाखल उंच धरलं. सेक्रेटरी म्हणाले, "मिसेस साळवे, अब ये गिलहरी-विलहरी बंद कीजिए." त्या हसून म्हणाल्या, "जी, बिल्कुल." मी पहिल्या रांगेत होते. हातात नीलचा स्वेटर होता. मी टाके मोजत राहिले.

घाबरले होते का? कोणाला? आजोबांना? मुळीच नाही. मला फक्त वेंधळी दिसायचं नव्हतं. त्यासाठी मी त्यांची पोरं घालवली.

आज दुपारी हे कागद आधी खाली सुमतीआजींकडे जातील. मग आजोबांकडे, ते झोपून उठले की. मग तुमच्याकडे. नील, तुझ्या चित्रातल्या खारीला सोड. आत कोणाला बसवायचं ते तुला आता माहीत आहे. चित्रात माझा चष्मा काढायला विसरू नकोस.

आजोबांनी नंतर दुसरी केबल ओढली, बारीक कव्हर घालून, अंगाला धरून. ती अजून उत्तम चालते. तुमचे चेहरे त्यातूनच येतात. हिरवा प्लग माझ्या बटणांच्या डब्यात आहे. सुमतीआजींचं वाडगं त्या दिवसापासून कट्ट्यावर पालथं आहे. रोज सकाळी एक खार अजून येते आणि त्यावर बसते.