तिसऱ्या ओळीतल्या चार मात्रा

हिंगोलीत मी जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्त झालो तरी लग्नपत्रिकेतल्या कवितेच्यासुद्धा मात्रा बोटांवर मोजायची खोड गेली नाही. बायको म्हणते, जेवताना तरी बोटं वरणभाताला लावा.

त्यामुळे शेजारच्या नर्सबाई वही घेऊन आल्या तेव्हा मला आनंदच झाला. त्यांच्या चर्चचं नवं गीतपुस्तक निघत होतं. त्यांच्या आईनं रचलेलं गीत घ्यायला पाळकांची ना नव्हती, फक्त ते छंदात बसायला हवं होतं. आई साखरा गावाकडची, कधी शाळेत न गेलेली. गेल्या वर्षी वारली. वहीतलं अक्षर लेकीचं होतं.

"सर, एवढं बराबर करून द्या. आईचं दुसरं काहीच न्हाई माझ्यापाशी."

येशू आला माझे दारी
डोई होती घागर भारी
हलके त्याने धरली
उतरुन ठेवी चिंता सारी

सोळा, सोळा, बारा, सोळा. तिसऱ्या ओळीत चार मात्रा कमी, वर यमकही नाही. मी लाल पेनानं पुढे 'न्यारी' लिहिलं. न्यारी घागर म्हणजे कसली, हे मलाही सांगता आलं नसतं. पण मात्रा भरल्या आणि यमक जुळलं. पाळक खूश झाले. बाईंनी वही मिटून छातीशी धरली. मी ते कौतुक समजलो.

रविवारी मला उपासनेला मुद्दाम बोलावलं. सगळ्यांच्या हातात दुरुस्त केलेल्या गीताचा कागद होता. ढोलकीवर गाणं सुरू झालं. 'धरली' म्हणून अख्खी मंडळी थांबली, ढोलकीही थांबली. 'न्यारी' मी एकट्यानंच म्हटलं, तेही मोठ्यांदा.

बाहेर आल्यावर मी बाईंना जरा चिडूनच विचारलं, "सगळे मध्येच का थांबले?"

"आईला दमा होता, सर. तिथं तिला दम घ्यावा लागायचा. तवर सगळे थांबायचे. आता सवयच पडली."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी लाल पेनानं लिहिलं ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे पाळकांना गाठलं आणि ओळ होती तशीच छापा, छंदाची जबाबदारी माझी म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन 'न्यारी' खोडलं. कंपोजिंग करणाऱ्यानं पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"सर, इथं काय भरू?"

"काही नको," मी म्हटलं. "तिथं एक बाई दम घेऊन राहिल्यात."