ब्रायनीच्या गाईचा वंश

मॉइराच्या गोठ्यात एक शब्द काढायची सोय नव्हती: ‘उलटली’. वळू दाखवूनही गाय पुन्हा माजावर आली की न्यूझीलंडच्या आमच्या तारानाकीत कुणीही सरळ म्हणतो, उलटली. मॉइराकडे मात्र ‘राहिली नाही’ म्हणायचं. नवा गडी चुकला की तिचा नवरा ग्रँट डोळे वटारायचा.

कारण त्यांची ब्रायनी. अकरा वर्षांची पोर. शेतातली चारचाकी मोटरसायकल उतारावर उलटली आणि ती तिच्याखाली सापडून गेली. मागे राहिली तिची गाभण कालवड, कपाळावर पांढरा ठिपका, शाळेच्या वासरांच्या जत्रेत बक्षिसाची फीत जिंकलेली.

त्या कालवडीसाठी ब्रायनीने हट्ट धरला होता, “आई, हिला फर्गसकाकांचाच वळू! त्यांच्या गाई बघ, दरसाल वितात.”

“अगं वेडे, त्यांना दूध आहे का चहापुरतं तरी?” मॉइरा हसली होती. तिने दुधाला नावाजलेल्या वळूचं बीज भरवलं, पुढेही त्याच रक्ताचं. दूध आलं, बादल्या भरभरून आलं. पण खाण तशी माती! दुधाबरोबर बापाच्या रक्तातली खोटही लेकींत उतरली. त्या गाभण राहीनात. दर मे महिन्यात रिकाम्या गाई कसायाच्या ट्रकमध्ये चढतात, तशा एकेक करून गेल्या. त्या वंशातली उरली एकटी पिकलेट, तोच ठिपका कपाळावर.

गेल्या साली तीही राहिली नाही, तरी मॉइराने तिला ठेवली. शेजारीण म्हणालीच, “गाय पाळलीयस की पाहुणी?”

“पाहुणीच! तुझ्याकडे जेवायला आलीय का?” मॉइरा कसली ऐकून घेते! पण पुढच्या हंगामात तिने गुपचूप फर्गसकडून वळू आणला. पोरीचा हट्ट पुरवला, दहा वर्षं उशिरा.

मे उजाडला. गुरांचा डॉक्टर हेमी तपासायला आला. मॉइरा नेहमीसारखी लाल रंगाचा डबा घेऊन उभी होती. रिकाम्या गाईच्या पाठीवर रेघ तीच ओढायची. पिकलेटपाशी हेमी बराच वेळ सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत राहिला.

“आंटी…”

“बोल ना बाबा, जीव नको टांगून ठेवू.”

“रिकामी आहे, आंटी.”

ग्रँट पुढे झाला. “राहू दे गं. खाऊ दे अजून वर्षभर गवत. आपल्याला काय जड आहे?”

“आणि मग? पुढच्या साली मी पुन्हा इथेच उभी, पुन्हा आशेवर. रक्तातच आहे रे तिच्या, आणि ते मीच घातलंय. पोर सांगत होती आणि मी हसले तिला!”

तिने पिकलेटच्या पाठीवर रेघ ओढली, डबा खाली ठेवला आणि कपाळावरच्या ठिपक्यावर तळहात टेकला.

“उलटली रे, ग्रँट,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि गाईच्या गळ्यात पडून तिने हंबरडा फोडला.