ख्वालोंच्या लघवीची चौकशी

ग्चिनिखाया म्बोलेक्वा हे नाव फक्त पगाराच्या यादीत होतं. बाकी सगळं गाव त्यांना मानाने कुळाच्या नावाने हाक मारायचं: ख्वालो. बायकोही तीच हाक मारायची, पण तिने ते 'ख्वालोऽऽ' असं लांबवलं की शेजारच्या तीन घरांना कळायचं, आज म्हाताऱ्याचं काही खरं नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या लुसिकिसिकी गावाच्या वरच्या अंगाला निलगिरीच्या लागवडीला खेटून एक सॉ मिल आहे. तिथे ख्वालो एकतीस वर्षं पात्यांचे डॉक्टर होते. ही पदवी थट्टेतली नाही, सॉ मिलमध्ये खरोखरच असं म्हणतात. मोठ्या करवतीचं पातं म्हणजे सहा-सात मीटरचा पोलादी कंबरपट्टा. त्याला नुसती धार लावून भागत नाही. ठोकून ठोकून त्याचा ताण सारखा करावा लागतो, नाहीतर फळी सरळ निघायची सोडून नागासारखी डुलत निघते. ख्वालो पात्यावर टिचकी मारायचे आणि कान तिरपा करून ऐकायचे. सून फोनवर माहेरी बोलत असताना सासू ऐकते ना, तसं. मग म्हणायचे, "इथे दुखतंय हिला." आणि बरोबर तिथेच दुखत असायचं.

संध्याकाळी घरी गेले की गोठ्याच्या दगडी भिंतीला टेकून एक पाइप गांजा. फक्त एक. वडील असेच बसायचे, वडिलांचे वडीलही. परसात भोपळ्याच्या वेलांआड चार झाडं होती. पूर्वी पोलिसांचं हेलिकॉप्टर येऊन वरून विष फवारून जायचं. त्यात गांजा जगायचा आणि भोपळे मरायचे. मग देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाने सांगितलं, मोठ्या माणसाने आपल्या घरी, आपल्यापुरता गांजा लावला आणि ओढला तर तो गुन्हा नाही. ते रेडिओवर ऐकून त्यांची बायको मान्याउझा फार चिडली होती. "म्हणजे तीस वर्षं मी ही झाडं लपवण्यात उगाच कंबर मोडून घेतली? आता लावा दारात, गुलाबासारखी!"

तर असं सगळं कायदेशीर आणि सुखाचं चाललं असताना मिलच्या लाकडाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं. गिऱ्हाइकाने सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मागितलं. (त्या गिऱ्हाइकाच्या गावात म्हणे गांजा दुकानात मांडून विकतात, पण ते राहू दे.) मॅनेजर ओडेंडाल यांनी नऊ पानी नियमावली काढली. माणूस तसा वाईट नव्हता. इथल्याच शेतावर वाढलेला, खोसा भाषा आपल्यासारखी बोलणारा. पण लॅमिनेट केलेला कागद दिसला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. नऊ पानांचं सार एवढंच: फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात गांजाचा अंश शून्य. एकदा सापडला तर घरी. मग दर सोमवारी पुन्हा तपासणी. साफ झाला तर आत, तीनदा नापास झाला तर चौकशी आणि बडतर्फी.

दारूसाठीही एक नळकांडं होतं, फुंकायचं. पण दारू सभ्य असते. रविवारी रात्रीपर्यंत बाटलीत पोहलेला माणूस सोमवारी सकाळी जरा आंबट तोंडाने फुंकतो आणि सुटतो. गांजाचा अंश मात्र ओढणाऱ्याच्या चरबीत महिना महिना तळ ठोकून बसतो. डोकं केव्हाच स्वच्छ झालेलं असतं, पण लघवी चुगली करत राहते.

पहिल्या सोमवारी फाटकावर गार्ड वुयिसा कपांची चळत घेऊन उभा होता.

"ख्वालो, एवढा कप भरून द्या."

"कशाने? चहाने?"

"ताता, थट्टा नको. मला फक्त पट्टी बुडवायचीय."

"तुझ्या बापाबरोबर मी गुरं राखली. त्याने तुला याच्यासाठी शाळेत घातला?"

"शाळा मध्येच सुटली ना, ताता. पुढे शिकलो असतो तर हा कप दुसऱ्या कोणाच्या हातात असता."

पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर माणूस साफ, एकच उमटली तर दोषी. ख्वालोंची एकच उमटली. वुयिसाने पट्टी उन्हात धरली, उलटी केली, हलवून पाहिली, थोडा वेळ देवाचं नावही घेतलं. दुसरी रेघ काही आली नाही.

असे त्या दिवशी नऊ जण घरी गेले. बाकीचे आठ पोरसवदा होते, शनिवारी मौज म्हणून ओढणारे. दोन-तीन आठवड्यांत ते धुऊन निघाले. ख्वालोंचं चाळीस वर्षांचं धुराडं, ते कसलं निघतंय! वर पुन्हा गंमत बघा. कंपनीने त्यांना घरी बसवलं, म्हणजे जिथे ओढायला कायद्याची मुभा आहे नेमकं तिथेच बसवलं. हाताला काम नाही. पूर्वी संध्याकाळी एक पाइप व्हायचा, आता जेवणानंतरही होऊ लागला.

"सोडून द्या की," मान्याउझा म्हणाली. "चौदा महिने राहिलेत निवृत्तीला."

"सोडीन. पण माझ्या पोटात काय आहे ते बघायचा हक्क लग्नात मी तुलाही दिला नव्हता, त्या ओडेंडालला का देऊ?"

"मला बघायची गरज नव्हती. वास येतो."

ख्वालो हसले नाहीत. त्यांना भीती वेगळीच होती. निवृत्त होणाऱ्याला मिल मेंढा कापून, घोंगडी पांघरवून फाटकापर्यंत सोडायला येते. एकतीस वर्षं ज्या फाटकातून आत गेलो तिथून एक दिवस मानाने बाहेर पडायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आता तिथून नशेबाज म्हणून बडतर्फीचा कागद हातात येणार. "त्या कागदावर मरायचं नाही मला," ते रात्रंदिवस म्हणत. "मला आत जायचंय."

इकडे मिलमध्ये फळ्या डुलू लागल्या. डर्बनहून एक डिप्लोमावाला आणला, त्याने पहिल्याच दिवशी पातं तोडलं. दुसऱ्याच गुरुवारी ख्वालोंच्या अंगणात मिलची गाडी थांबली आणि खुद्द ओडेंडाल उतरले. मागे चार पाती गुंडाळलेली.

"मोलो, ख्वालो."

"मोलो. कप आणलात का?"

"पाती आणलीत. जरा बघता?"

"माझ्या अंगात अंश आहे, साहेब."

"घरी चालतो. नियम फाटकापासून सुरू होतो."

चुलीपाशी मान्याउझाने झाकण आपटलं. "म्हणजे फाटकात उभा राहिला की वेडा, आणि अंगणात बसला की डॉक्टर?"

साहेबांनी आंबट दुधाचा वाडगा तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

ही बातमी संध्याकाळच्या आत थोबेकाला लागली. थोबेका सिदिनाना, मिलमधली युनियनची प्रतिनिधी. फळ्यांची प्रतवारी करायची आणि साहेबांचीही. ती तडक आली.

"ताता, पाती परत नेताना प्रत्येक पात्याच्या चलनावर सही घ्या. साहेबांचीच. आणि लिहून घ्या: पातं तपासलं, काम उत्तम."

"मला काय करायचीय त्यांची सही? तीस वर्षं बघतोय, कोंबडीने उकरल्यासारखी असते."

"तुम्हाला नाही, मला करायचीय."

सहा आठवड्यांत तेवीस पाती अंगणात आली आणि गेली. गाडी गुरुवारी पाती न्यायची. सोमवारी त्याच माणसाला फाटकावर कप मिळायचा, आणि तो नापास व्हायचा. ख्वालो तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हाच चौकशीची नोटीस निघाली होती. अखेर तारीख लागली.

चौकशी हा आमच्याकडे लग्नाइतकाच गंभीर विधी. निकाल द्यायला शहरातून एक वकीलबाई आणल्या होत्या. थोबेकाने आधी दुभाष्याचा हक्क मागितला. खोलीतल्या सगळ्यांना खोसा येत होती, वकीलबाईंनाही. पण हक्क तो हक्क. मग वुयिसाला दुभाषा केलं. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकण्यात सकाळ गेली. आरोप होता, नशेच्या अंमलाखाली कामावर आल्याचा.

"साहेब," थोबेकाने ओडेंडालना विचारलं, "ख्वालो डुलत होते का?"

"नाही."

"बरळत होते?"

"नेहमीपेक्षा जास्त नाही."

"मग अंमल कोणाला दिसला?"

"पट्टीला."

"बरं. आता सगळ्यांनी हात टेबलावर ठेवा."

सॉ मिलमधली माणसं ती. सुपरवायझरची आठ बोटं, साहेबांची साडेनऊ, थोबेकाची नऊ. वकीलबाईंनी उगाच आपलीही दहा ठेवली. मिलच्या माणसांत दहाच्या दहा फक्त ख्वालोंची निघाली. ख्वालो लाजले आणि त्यांनी हात पुन्हा मांडीवरच्या टोपीखाली घेतले.

मग थोबेकाने तेवीस चलनं एकेक करून मांडली. "ही सही कोणाची? 'काम उत्तम' कोणी लिहिलं? त्या दिवशी ख्वालो ओढलेले होते की नव्हते?"

"मी विचारलं नाही."

"वास?"

साहेबांनी दुभाष्याकडे पाहिलं. वुयिसाने आपणहून उत्तर दिलं, "होता. इथे ख्वालोंच्या शर्टाला अजून आहे." त्याचं ते उत्तर कागदावर घ्यावं की नाही यावर अर्धा तास गेला.

दुपारी निकाल आला. ख्वालो निर्दोष. अंगातला अंश म्हणजे नशा नव्हे, आणि ज्याच्याकडून कंपनी स्वतः काम करून घेते त्याला ती कामाला नालायक म्हणू शकत नाही. नोकरी जशीच्या तशी परत द्यावी. मात्र सुरक्षिततेचा नियमही योग्यच आहे. अंश असलेल्या कोणीही फाटकातून आत येऊ नये.

वुयिसाने निकालाचं भाषांतर केलं आणि म्हणाला, "म्हणजे कामावर घ्या, पण आत घेऊ नका. मी बरोबर सांगितलं का?" बरोबरच होतं.

ओडेंडाल दोन दिवस विचार करत होते. शनिवारी चार सुतार आले आणि कुंपणाचे खांब उपटू लागले. धार लावायची शेड मिलच्या अगदी कडेला होती. संध्याकाळपर्यंत कुंपण अकरा पावलं आत सरकलं आणि शेड बाहेर आली. शेडच्या मिलकडच्या भिंतीत पातं जाईल एवढी एक लांबट खिडकी पाडली. नियम शाबूत, निकाल शाबूत, प्रमाणपत्र शाबूत. साहेबांनी नवा नकाशा लॅमिनेट करून लावला.

सोमवारी ख्वालो मक्याच्या शेतातून आडवे येऊन शेडमध्ये शिरले. हजेरीत त्यांचा नंबर होता, पगार होता, कप नव्हता. दहाला चहाचा भोंगा झाला. आत सगळे ओंडक्यांवर बसून हसत होते. थोबेकाने चहाचा मग खिडकीतून बाहेर सरकवला.

"जिंकलो ना, ताता?"

"हो, पोरी," ख्वालो म्हणाले, आणि चहात फुंकर मारत राहिले.

त्याच आठवड्यात फोर्कलिफ्टवाल्यांनी एक अर्ज लिहिला: कुंपण आणखी चाळीस पावलं आत सरकवावं, म्हणजे आम्हीही बाहेर, कप नाही. खाली पोरांच्या सह्या पडल्या, मग रंधेवाल्यांच्या, मग वुयिसाचीही, कारण मग कपांचं काम संपलं असतं. सगळ्या मागण्या मान्य झाल्या असत्या तर कुंपणाच्या आत फक्त ऑफिस उरलं असतं. अर्ज घेऊन पोरं खिडकीशी आली. सगळ्यांत वर सही म्हाताऱ्याची हवी, लढाई त्यांची.

ख्वालोंनी अर्ज वाचला, दोनदा वाचला आणि तसाच आत परत सरकवला.

"मला आत यायचं होतं रे," ते म्हणाले. "तुम्ही सगळेच बाहेर आलात, तर मी येऊ कुठे?"