साडेपंधराची कॉलर

गळ्याकडे नुसतं बघून कॉलरचं माप सांगणारा दुसरा शिंपी मी पाहिला नाही. शहागंजात मास्तरांचं शर्टांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत ते चष्म्यावरून एकदा बघत आणि "पंधरा" म्हणत. मग फीत लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, आणि ती पंधराच दाखवायची. असा डोळा असलेल्या माणसानं स्वतःच्या गळ्याचं जे केलं, त्याचा मला अजून संताप येतो, आणि तो आवरून लिहिण्याचा माझा विचार नाही.

मी वैजापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, डॉक्टरकी शिकायला शहरात आलेली. मास्तरांच्या घरातच वरच्या खोलीत राहायचे. माझा पहिला पांढरा ॲप्रन त्यांनीच शिवला. "ताई, खिसे मोठे ठेवलेत. डाक्टरच्या खिशात लई सामान असतं," म्हणाले. मी डॉक्टर झाले, वॉर्डात नोकरीला लागले, तरी त्यांच्यासाठी ताईच राहिले.

गिऱ्हाइकांच्या अंगावर त्यांची पाळत असायची. "साहेब, मागच्या दिवाळीपासून कंबर दोन इंच उतरली. शर्ट बारीक करून देतो, पण एकदा साखर बघून घ्या." लोक हसायचे, मग तपासून यायचे, आणि पुढच्या खेपेला हात जोडायचे. शिंप्याच्या सांगण्यावरून मधुमेह कळलेली तीन माणसं तर माझ्याच माहितीतली.

आणि त्या हिवाळ्यात यांची स्वतःची साडेपंधराची कॉलर आवळायला लागली, तर यांनी काय केलं? बटण सरकवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा सरकवलं. मग कॉलर उसवून पट्टी जोडली, आणि तीही पुरेना तेव्हा सोळाच्या कॉलरचे दोन नवे शर्ट बेतले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, विचारलं तर म्हणे, "कापड आटलं असंल." कापड रात्रभर भिजवल्याशिवाय कात्री न लावणारा माणूस हे सांगत होता. आटेल कुठून, कपाळ?

गल्लीतले लोक तर त्याहून शहाणे. सकाळी मास्तरांचं तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले, आणि हे म्हणतायत, "मास्तर, तब्येत मानवली बरं का, गाल वर आले." छावणीतल्या एका डॉक्टरांनी सुताच्या धुळीची ॲलर्जी ठरवली आणि दोन महिने गोळ्या चारल्या. शर्टाची चार बटणं काढून छाती बघायला काय मेहनत पडते? पण मी तरी कोणाला नावं ठेवू. जिन्यात एकदा मीही म्हणाले होते, "छान दिसताय मास्तर."

शेवटी काकूच वर आल्या. म्हणाल्या, "ताई, हे बसून झोपतेत. आडवं झालं की जीव कोंडतो. अन् कापडावर वाकले की तोंड जांभळं पडतं." मी तशीच खाली दुकानात गेले आणि मास्तरांना शर्ट काढायला लावला. ताठ बसलेल्या माणसाच्या मानेवरच्या शिरा टरारून फुगलेल्या, आणि छातीभर निळ्या शिरांचं जाळं.

डोक्याकडचं आणि हातांकडचं रक्त हृदयात आणणारी एकच मोठी शीर असते. ती कोणी बाहेरून दाबली, नाहीतर आत गुठळी होऊन तुंबली, की रक्त वरच थोपतं आणि आडवाटा शोधतं. दाबणारी बहुतेकदा गाठ असते, फुप्फुसाच्या कॅन्सरची किंवा लसिकाग्रंथींची, म्हणजे लिम्फोमाची. मास्तरांची लसिकाग्रंथींची निघाली. मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, उशाकडून पलंग उंच केला, प्राणवायू लावला. हातात सुई टोचू दिली नाही, सलाइन पायातून दिलं. सुजेवरची इंजेक्शनं झाली, छातीवर किरणांचा शेक सुरू झाला. त्यानंतर सलाइनमधून कॅन्सरचं औषध सहा वेळा द्यायचं ठरलं. या जातीची गाठ औषधाला दाद देते, माणूस पुरता बरा होऊ शकतो, हे मी काकूंना छातीठोकपणे सांगितलं होतं.

मास्तर वॉर्डात फीत घेऊन आले होते. रोज सकाळी गळ्याला लावायची आणि शेजारच्या खाटांना निकाल सांगायचा. "सोळा. आज पावणेसोळा." फीत साडेपंधरावर आली त्या दिवशी त्यांनी वॉर्डभर पेढे वाटायला लावले. औषधाच्या दोन खेपा व्यवस्थित झाल्या. तेवढ्यात माझी बदली गावाकडच्या आरोग्य केंद्रात झाली.

सात महिन्यांनी परत आले. मास्तर खाटेवर होते. डोळे पिवळे, पोट पाण्यानं भरलेलं, हातापायांच्या काड्या. औषधाच्या उरलेल्या चार खेपांपैकी एकही घेतली नव्हती. लग्नसराईत दौलताबादला व्याह्यांकडे मशीन टाकून दोन महिने शिवत बसले होते. माझं डोकंच फिरलं. आजारी माणसाच्या उशाशी उभी राहून मी ओरडले, "जगला असतात तुम्ही. कशासाठी थांबलात? आपल्या जिवाशी असा खेळ करतं का कोणी?" काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मास्तरांनी माझं पुरतं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, जाताना तुम्हीच सांगितलं व्हतं. कॉलर घट्ट झाली की त्याच दिवशी या. मी रोज फीत लावली. दौलताबादेतबी लावली. झालीच नाय घट्ट."

सांगितलं होतं. एस.टी.ची वेळ झाली होती, बॅग खांद्यावर होती. चार खेपांच्या तारखा मी कागदावर लिहून त्यांच्या हातात दिल्या, पण मोठ्या तोंडानं सांगितलं ते हे वाक्य. शिंप्याला शिंप्याच्या भाषेत किती छान सांगितलं, असं वाटून स्वतःवर खूषही झाले होते. त्यांनी कागद फडताळात ठेवला आणि वाक्य पाळलं. रोग पोटात वाढत राहिला, गळा बारीक होत गेला. पोट बघा, वजन बघा, कॉलर ढिली झाली तरी या, हे मी सांगितलंच नव्हतं.

मास्तर माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "रागावू नका ताई. तुम्ही सांगितलं तसंच केलं मी."