हमालकाकांचं शूटिंग

मंडळी, आज भर वर्गात हरलो. घरी सांगून उपयोग नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी देवासला फिल्मच्या कोर्सला कॅमेरा शिकवतो. पोरांना सांगितलं होतं, बदनावर गावच्या मंडीत जा आणि एका हमालाचा दिवस शूट करून आणा. चिन्मय गेलाच नाही. घरी बसून एआयवर अख्खी फिल्म बनवून आणली.

त्याची जिरवायची म्हणून मी त्याच मंडीतले हमाल रामलालकाका यांना आज फिल्म बघायला बोलावलं. बघता बघता काका हसले. "बोरी माथे पे कौन उठाता है भिया? पीठ पे लेते हैं."

मी खूश! म्हटलं, "बघा, म्हणून स्वतः जावं लागतं."

माझं बोलणं संपेपर्यंत चिन्मयनं ते टाईपसुद्धा केलं होतं. दोन मिनिटांत पोतं पाठीवर! काकांनी मान डोलावली, "अब बराबर है." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

अभ्यासक्रम बदला म्हणतात सगळे. पण त्यात आता ठेवू काय?

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "सरजी, हमारी शूटिंग कब है?"

तुम्ही काय सांगितलं असतं?