शनिवारचा बाजार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. रोज त्याच खुर्चीवर बसलं की ते आपोआप साचत जातात. साकोलीत हायवेला लागून गोपालचं शेअर दलालीचं छोटं ऑफिस आहे. तिथं आम्ही निवृत्त मंडळी बसतो. सांगताना माझ्या हातून थोडी भर पडत असेलच. अर्थशास्त्रात पीएचडी असूनही स्वतःच्या साक्षीवर माझा फारसा भरवसा नाही.

*

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बाजाराचा इतिहास सांगितला. एकेकाळी मुंबईत चार दलाल वडाच्या झाडाखाली जमून सौदे करायचे, त्यातूनच एवढा मोठा बाजार उभा राहिला, वगैरे.

नामदेवराव माझे शेजारी, वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, आपल्या इकडं बी लोकं दिवसभर वडाखाली बसून राहतात. मग इथं बाजार काहून नाही झाला?"

मी अजून विचार करतो आहे.

*

बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. एकदा मी एका बँकेचे थोडे शेअर घ्यायचं ठरवलं. सकाळी वाटलं, भाव अजून उतरेल. दुपारी तो चढला, तेव्हा वाटलं, आता कशाला? बंद व्हायला पाच मिनिटं उरली तेव्हा 'घे' म्हणालो, आणि लगेच 'थांब' म्हणालो.

साडेतीन वाजले. गोपालनं चष्मा पुसला. "सर, बाजार बंद झाला. तुमचा विचार चालू राहू द्या."

*

दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्यांसाठी बाजार तासभर उघडतो. त्या दिवशी नामदेवराव विमलवहिनींना सोबत घेऊन आले. वहिनी बराच वेळ पडद्यावरचे लाल-हिरवे आकडे पाहत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "इतकी घाई कोणाले असते?"



*

आता शनिवारचं. शनिवारी बाजार बंद असतो, पण नामदेवरावांनी घरी सांगून ठेवलं होतं की शनिवारीही चालू असतो. त्यांचा धाकटा भाऊ दिघोरीला असतो, अर्धांगानं अंथरुणावर. वाटणीच्या वेळी दोन्ही घरांत असं काही बोलणं झालं की वहिनींनी त्या घराचं नाव टाकलं. म्हणून हे दर शनिवारी बसनं जात, भावाला आंघोळ घालत, चार घास भरवत आणि बाजार सुटायच्या सुमारास घरी परतत.

आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं. धास्ती मात्र मलाच होती. सणवार असो की सरकारी सुट्टी, वहिनी मलाच विचारतात. उद्या हेही विचारलं तर? खोटं मला नीट जमत नाही, आणि खरं सांगितलं तर तिकडे पडलेल्या माणसाचा शनिवार जाईल.

*

आणि मागच्या शनिवारी सकाळी वहिनी माझ्या फाटकाशी उभ्या राहिल्या. नामदेवराव नुकतेच बसस्टँडकडे निघाले होते.

"सर, आज बाजार चालू आहे का?"

मी म्हणालो, तसा शनिवारी नसतो, पण कधीकधी विशेष सत्र भरवतात. एखाद वेळी बजेटसाठी, एखाद वेळी यंत्रणा तपासायला. मग सव्वानऊच्या आधीची पंधरा मिनिटं कशासाठी असतात तेही सांगितलं. बोलणं थांबवायची मला भीती वाटत होती.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराआडून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला.

"बस सुटायच्या आधी एवढा पोचवून द्या. भाऊजीले खिचडी पातळ लागते, तिथं कोणाले जमत नाही. अन् आमच्या ह्यायले सांगजा, डबा गोपालच्या घरून आला म्हणून."